डिस्कवाला मिरची तोडायला गेला होता

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं तर मला राग येतो.

मी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत होते, आता रिटायर. मी कॉम्प्युटर शिकले, शिकवला, दुरुस्त केला, आणि जिथे केली तिथे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नोकरी केली. अकरा महिने संपले की साहेबांच्या केबिनमध्ये आपला विषय निघणार, आपण बाहेर बाकावर बसायचं, आणि शिपाई येऊन सांगणार, वाढवलं किंवा नाही वाढवलं. पंधरा वर्षं मी असे बाक झिजवले. चंद्रपूरच्या एका बाकाचा एक पाय आखूड होता, त्यावर न हलता बसायची कला माझ्याइतकी कोणाला जमली नसेल.

शेवटचं ऑफिस बंद पडलं तेव्हा कळलं, की चामोर्शीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावाला ग्रामसभेच्या कामासाठी कॉम्प्युटरवाली बाई पाहिजे आहे. सभांचे ठराव टाइप करायचे, गडचिरोलीला पाठवायची पत्रं लिहायची, गावाच्या जंगलाचा नकाशा सांभाळायचा. मी बॅग भरून गेले. गाव गोंडांचं, आणि तिथली रीत अशी की सगळं सभेत ठरतं आणि हात वर करून मतं मोजायची नाहीत. सगळ्यांना पटलं तर ठरलं, एकालाही पटलं नाही तर पुन्हा बसायचं. मला म्हणाले, "तीन महिने करून पाह्य, मंग सभा ठरवन."

तीन महिने कधीच होऊन गेले होते. दर सभेत माझा विषय निघायचा. निघाला की मी सवयीप्रमाणे उठायची, बाहेर हातपंपाजवळ जाऊन उभी राहायची. थोड्या वेळानं सभेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अध्यक्षभाऊ म्हणत, बाहेर येऊन सांगायचे, "बाई, विषय पुढं गेला." रजिस्टरातही तेवढंच लिहिलेलं असायचं, विषय पुढे. मला पक्कं ठाऊक होतं कोण आडवं येतंय ते. गावातली सगळ्यात वयस्कर बाई, जिला लहानथोर सगळे मोठी बाई म्हणायचे, ती माझ्याशी बोलायची नाही, हसायची नाही, नुसती बघायची. एकीच्या नकारावर सगळं अडतं, आणि ती एक हीच. म्हातारीला दुसरं काही काम नाही का, असं मी रोज मनात म्हणायची आणि रोज तिला रामराम करायची.

वडील फोनवर विचारायचे, "झालं का पक्कं?" मी म्हणायची, होतंय. ते म्हणायचे, "होत नसन तं ये घरी. तुह्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, बस तिथी." भावाच्या दुकानात बसायचं, म्हणजे वहिनीच्या हाताखाली झेरॉक्स काढायच्या. त्यापेक्षा मी हातपंपाजवळ उभी राहायला तयार होते.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. तो कोणत्यातरी ऑफिसानं टाकून दिलेला डबा होता. मी येण्याआधी त्याची डिस्क मेली, तेव्हा गावातल्या मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं स्वतःजवळची एक जुनी डिस्क त्यात बसवली, म्हणून तो अजून धुगधुगत होता. पत्र छापायला दिलं की मी अंगण झाडून यायची तेव्हा पहिली ओळ निघालेली असायची. नवी सिस्टीम टाकावी तर ती सरळ म्हणायची, हा प्रोसेसर फार जुना, याला मी चालत नाही. एकच वाट उरली होती. सिस्टीमच्या पोटात जो मुख्य प्रोग्राम असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याचा मूळ कोड फुकट मिळतो. तो आणायचा, आपल्या मशीनला हवं तेवढंच ठेवायचं, नको ते काढायचं, आणि स्वतःचा कर्नल स्वतः बांधायचा. हे जमलं तर डबा पळेल, आणि डबा पळाला तर मोठी बाईसुद्धा मला नाही म्हणू शकणार नाही, असा माझा हिशेब. नाही जमलं तर घुग्घुस.

गप्प बसून बांधला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मला मिरवायची खाज. मार्चचा महिना होता, मोहफुलं वेचायचे दिवस. माणसं पहाटे जंगलात जायची, दहा-अकराला टोपल्या भरून परतायची. दुपारी सभेला बसली तेव्हा मी उभी राहून सांगितलं, की कॉम्प्युटरात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आता मी ठरवणार.

"तू काऊन ठरवशीन?" मोठी बाई म्हणाली. इतक्या महिन्यांत तिनं मला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. "कॉम्प्युटर कोणाचा आहे?"

"गावाचा."

"मंग गाव ठरवन."

मी समजावलं. कर्नल म्हणजे आतला कारभारी. कीबोर्डवर बोट पडलं, डिस्कवरून काही आणायचं झालं, प्रिंटरला काही सांगायचं झालं, सगळं त्याच्यामार्फत होतं. आणि त्याला बांधताना तो हजारो प्रश्न विचारतो, हे ठेवू का, ते ठेवू का. त्यातले बहुतेक कोणालाच कळत नाहीत, मलाही नाही. सोपे-सोपे पन्नासेक मी तुम्हाला आणून देते, बाकीचे माझे मी बघते.

"म्हणजे सोपं आम्हाले आन महत्त्वाचं तुले," मोठी बाई म्हणाली.

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. "महत्त्वाचेही घ्या!" मी ओरडले. "सगळे घ्या! डिस्क घ्या, कीबोर्ड घ्या, काय ठेवायचं ते ठेवा!" आणि रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली बसून मी रागारागानं प्रश्नांचा मराठी तक्ता लिहून काढला, महत्त्वाचे प्रश्न धरून. रागात माझं अक्षर फार सुंदर येतं.

तीन दुपारी ती सभा चालली. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात, हे मी सांगितलं. एक, कर्नलच्या आतच बसवायचं. दोन, नकोच. तीन, वेगळं बांधून बाजूला ठेवायचं आणि लागलं तर आणायचं. हे तिसरं ऐकल्याबरोबर सभा खूश झाली. जिथे म्हणून दोघांचं पटेना तिथे अध्यक्षभाऊ म्हणायचे, "बाजूले ठेवून देऊ, बाप्पा. लागलं तं आणू." अर्धा कर्नल बाजूला गेला.

बाकीचं ऐकण्यासारखं होतं. टचस्क्रीन नको, कारण या दिवसांत गावात कोणाचा हात चिकट नाही? कॅमेरा नको, सभेत कोण डुलक्या घेतं ते दिसेल. हौशी लोकांचा एकमेकांशी बोलायचा रेडिओ असतो, त्याचा प्रश्न आला तेव्हा तर सगळे एकदम म्हणाले, "नको बाई! पोलीस कॅम्पवाले इचारतीन, हे काय सुरू केलं." गेमच्या दांड्यावरून, म्हणजे जॉयस्टिकवरून, पोरांनी आणि त्यांच्या आयांनी पाऊण तास भांडण केलं. काम नसताना मशीननं झोपावं का, हा प्रश्न वाचला तर मोठी बाई म्हणाली, "आम्ही झोपतो का?" तोही गेला. मधूनमधून ते गोंडीत बोलायचे आणि मला त्यातलं फक्त "कॉम्प्युटर" एवढंच कळायचं. खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. ऑफिसात ज्या साहेबांच्या टेबलावर कॉम्प्युटर असायचा त्यांनी कधी त्याच्याविषयी इतके प्रश्न विचारले नव्हते.

तिसऱ्या दुपारी मला वडिलांना फोन करायचा होता. गावात सिग्नल नाही. गावामागच्या टेकडीवर, एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. मी वर गेले. वडील म्हणाले, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत घरी ये, भावानं दुसरं मशीन घेतलं आहे. मी म्हटलं, येते की नाही ते चार दिवसांत सांगते. खाली आले तोवर तक्ता संपला होता. टिक म्हणजे ठेवायचं, फुली म्हणजे नको, गोल म्हणजे बाजूला. मी तो उचलला आणि भराभर कॉम्प्युटरला उत्तरं भरली. टिक दिसली की हो, गोल दिसला की बाजूला, नाहीतर नाही. इतकी वर्षं या धंद्यात घालवलेल्या बाईनं एकदा नीट वाचावं की नाही? नाही वाचलं. डोक्यात झेरॉक्सचं दुसरं मशीन घरघरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधायला घातला. पडद्यावर ओळी सरसर वर जायला लागल्या, एकेक फाइल बांधून होते तशी एकेक ओळ. मोहफुलं टाकून माणसं बघायला आली. कोणालाच काही कळत नव्हतं आणि सगळ्यांना बरं वाटत होतं. अध्यक्षभाऊ इंग्रजी अक्षरं वाचून दाखवत होते. अशा एखाद-दोन तासांनी पडदा काळा झाला.

ग्रामसभेचं ऑफिस सोलरवर चालतं. मी बाहेर पळाले. सोलरच्या प्लेटवर एक नऊवारी लुगडं पसरलं होतं, आणि लुगड्यावर अंगठाभर जाड मोहफुलं वाळत घातली होती. शेजारी मोठी बाई फुलं सारखी करत उभी होती.

"बाई, हे काय!"

"इथी ऊन चांगलं लागते," ती म्हणाली. "वाकडं ठेवलं आहे तुम्ही, पण ऊन बराबर लागते."

मी काय बोलले ते लिहीत नाही. फुलं उचलली, तिनं प्रत्येक फूल मोजून घेतल्यासारखं पाहिलं, आणि काम पुन्हा सुरू झालं. जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होतं, तेवढी त्यात सोय आहे. संध्याकाळपर्यंत कर्नल बांधून झाला. त्याच्या पुढल्या दुपारी सगळं गाव ऑफिसात आणि ऑफिसाच्या खिडकीत. मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला.

ओळी आल्या. इतक्या वेगानं आल्या की पोरं ओरडली. आणि थांबल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता, की मला माझी डिस्क सापडत नाही, मी पुढे जाऊ शकत नाही, मी घाबरलो आहे. खरंच, इंग्रजीत तसंच लिहिलेलं असतं.

"काय म्हणते?" मोठ्या बाईनं विचारलं.

"म्हणतो, डिस्क दिसत नाही."

"डिस्कवरूनच उठून आला न तो? मंग त्याले आपलं घर काऊन नाई दिसत?"

प्रश्न इतका बरोबर होता की मला आणखी राग आला. त्याला उचलून आणणारा वेगळा असतो आणि आल्यावर त्याला स्वतःचे डोळे लागतात, हे तिला सांगत बसायची ती वेळ नव्हती. मी तक्ता काढला. डिस्कच्या प्रश्नासमोर टिक नव्हती, फुली नव्हती, गोल नव्हता. जागा रिकामी.

"ही जागा कोणी सोडली?" मी ओरडले. "डिस्क! डिस्कशिवाय कॉम्प्युटर! अहो, टचस्क्रीनवर तासभर बोललात आणि डिस्कवर कोणाला बोलावंसं वाटलं नाही?"

"बोललो न," अध्यक्षभाऊ शांतपणे म्हणाले. "पण डिस्क मेकॅनिकची आहे. तो तेलंगणात मिरची तोडाले गेला. ज्याचा विषय तो हजर नाई, त्याचं आम्ही ठरवत नाई. तो आला की ठरवू."

"कधी येणार?"

"मिरची संपली की."

जुना कर्नल सुरू करायच्या यादीत ठेवला होता, तो पुन्हा लावता येत होता, म्हणजे नुकसान काही नव्हतं, तेवढी अक्कल शाबूत होती. पण गावासमोर तोंडघशी पडले होते, आणि पडले ती स्वतःच्या हातानं. रिकामी जागा मी वाचायला हवी होती. हे मी त्या दिवशी कबूल केलं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "हा कुठला नियम? त्याला फोन करा!"

यावर बराच वेळ खल झाला. फोनवर असलेला माणूस हजर म्हणायचा की नाही? अध्यक्षभाऊंचं म्हणणं, आवाज आला म्हणजे माणूस आला. एक म्हातारा म्हणाला, पण सभेत आवाज सगळ्यांना आला पाहिजे. आणि सिग्नल तर फक्त टेकडीवर. तेव्हा सभाच टेकडीवर न्यायची, हे सगळ्यांना एकदम पटलं.

आणि गेली हो सभा. सत्तर-ऐंशी माणसं, कडेवर पोरं, कोणाच्या हातात पाण्याची कळशी, मोठ्या बाईला दोघींनी दंडाला धरून चढवलं. मी दगडावर उभी राहून फोन लावला आणि स्पीकर केला. पलीकडे मेकॅनिक शिंकत होता. मिरचीच्या शेतात उभा होता बिचारा.

"अबे, तुह्या डिस्कले कर्नलमध्ये घ्याचं का?" अध्यक्षभाऊंनी विचारलं.

"घ्या न! मले काय इचारता? गाडीत तेल टाकतानी कोणी इंजिनले इचारते का?" शिंक. "पण एक अट आहे. सुरू झाल्यावर पडद्यावर मोटारसायकलचा फोटो लावा."

अटीवर चर्चा झाली, मोटारसायकल मंजूर झाली, आणि अध्यक्षभाऊंनी तक्त्यावर स्वतःच्या हातानं टिक केली. तो कर्नल दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला आणि तो डबा मिनिटाच्या आत सुरू झाला, हे इथेच सांगून टाकते. पुढे मला ते सांगायचं भान राहणार नाही.

कारण फोन ठेवायच्या आत मोठी बाई म्हणाली, "ठेवू नको. आज सगळे इथी आहेत, तोही आहे. हिचा विषय घेऊन टाका."

डबा बंद, मी तोंडघशी पडलेली, आणि आजच. मी फोन अध्यक्षभाऊंच्या हातात दिला, पदर खोचला, आणि टेकडी उतरायला लागले.

"कुठी चालली?" मोठ्या बाईनं मागून हाक मारली.

"माझा विषय आहे ना."

"म्हणून तं म्हणतो, बस! दर वेळी मी हिचा विषय काढतो, आन दर वेळी हे उठून जाते. तीन महिने झाले, चार झाले. हे नाई तं ठरवावं कसं? आम्ही समजलो, हिच्या मनातच नाई राह्याचं. बोलाचं जीवावर येते म्हणून जाते बिचारी."

मी मागे वळले. दर वेळी विषय काढणारी ती होती. आणि मी, पंधरा वर्षं बाकांवर बसून शहाणी झालेली, दर वेळी शिष्टाचार म्हणून उठून हातपंपाजवळ जाऊन आपलीच नोकरी अडवून ठेवत होते. मला काय म्हणावं? रजिस्टर मीच टाइप करत होते. "विषय पुढे" असं बोटांनी चार वेळा लिहिलं आणि एकदाही विचारलं नाही, का.

मला मधोमध बसवलं. मग माझ्यासमोर माझं सगळं निघालं. ओरडते फार, असं सगळे म्हणाले. शाळेतल्या पोरींना कॉम्प्युटर दाखवते, हे बरं, असं एक जण म्हणाला. पत्र लिहिते ते गडचिरोलीच्या साहेबाला कळतं, असं दुसरी म्हणाली. चहात साखर कमी टाकते, हेही निघालं, आणि त्यावर कारण नसताना चर्चा झाली. फोनमधून मेकॅनिक म्हणाला, "माह्या मोटारसायकलले तिनं एकदा लात मारली होती. पण चालू झाली ते." इतकी वर्षं बंद दारांमागे माझ्याविषयी काय बोललं जातं हे मला कधी कळलं नव्हतं. तिथे उन्हात बसून ऐकलं तर त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

अध्यक्षभाऊंनी एकेकाला विचारलं. पटते. पटते. पटते. मोठी बाई म्हणाली, "मले तं पहिल्या दिवशीच पटलं होतं." फोन म्हणाला, पटते, आणि शिंकला. मग ते माझ्याकडे वळले.

"तुहं काय म्हणणं आहे, बाई? तुले पटल्याशिवाय कसं ठरन? तुले राह्याचं आहे का?"

हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. ऑर्डर यायची किंवा यायची नाही. मी तोंड उघडलं आणि हमसून हमसून रडायलाच लागले. मी! खाणीच्या ट्रकवाल्यांशी भांडून मोठी झालेली मी.

सभा गोंधळली. रडणं म्हणजे हो धरायचं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी माणसं बोलायला लागली. एकजण म्हणाला, पोरगी सासरी जाताना रडते ते होच असते. दुसरी म्हणाली, मनात नसलं तरी रडतात. फोन विचारत होता, "ठरलं का? ठरलं का?"

"थांब बे," मोठी बाई म्हणाली. "रडू द्या तिले. झालं की सांगन ते. आपल्याले कोणती घाई आहे?"

आणि अख्खी ग्रामसभा त्या टेकडीवर, भर उन्हात, फोन चालू ठेवून, माझं रडणं संपायची वाट बघत बसली. मी नाक पुसलं आणि हो म्हटलं.